सातच्या आत जेवा म्हणे! मग सेकंड शिफ्टवाल्यांनी काय करायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वजन कमी करण्यावर जो पानभर लेख आला त्याबद्दल लिहितेय. त्यात रंगीत चौकटीत दोन गोष्टी ठळक छापल्यात. एक म्हणजे संध्याकाळी सातनंतर खाल्लेल्या प्रत्येक घासाची चरबीच होते, आणि दुसरी म्हणजे रात्रीचं जेवण पूर्ण बंद करून दिवसाला ८०० कॅलरीवर राहिलात तर १० दिवसात ५ किलो उतरतात. मी भोसरीला मेस चालवते, एमआयडीसीतली पोरं, वॉचमन, एकटे राहणारे काका लोक असे सगळे डबे आहेत. तुमचं ते पान कोणीतरी कापून आमच्याच भिंतीवर चिकटवलं आणि सोमवारपासून सुरू झालं, ताई माझा रात्रीचा डबा बंद करा, काकू मला नुसती काकडी द्या, काकू भाकरी चालेल पण भात नको. डबे बंद झाले की माझे पैसे बुडतात, त्यामुळे धंद्यासाठी ओरडतेय असं कोणाला वाटलं तर वाटू दे, पण जे छापलंय ते अर्धवट आहे आणि एका बाबतीत तर धोक्याचं आहे, ते पुढे सांगते.

आधी हे सात वाजताचं बघू. सेकंड शिफ्ट सुटते रात्री बाराच्या आसपास, पोरगा बसमधून उतरून खोलीवर येईपर्यंत पाऊण वाजतो. दुपारी तीनला घरातून निघालेला असतो, मधे कंपनीच्या कँटीनमधे आठ-साडेआठला काय मिळेल ते. आता त्याने सातच्या आत जेवायचं म्हणजे मशीन बंद करून? आणि तो एकटा नाही, विरार-बदलापूरची लोकल पकडून साडेनऊ-दहाला घरात पाय ठेवणारे, दुकान साडेनऊला बंद करणारे, हॉस्पिटलातल्या सिस्टर, रिक्षावाले, एसटीचे ड्रायव्हर कंडक्टर, हे सगळे मोजले तर सातला जेवू शकणारा माणूस महाराष्ट्रात शोधावा लागेल. जैन लोक सूर्यास्ताच्या आत जेवतात ते धर्म म्हणून, आणि त्यांचं सगळं घर तसं बसवलेलं असतं, दुकानात डबा येतो संध्याकाळी. आणि तिथेही पोट सुटलेले शेठ मी कमी पाहिलेले नाहीत, माफ करा.

माझी धाकटी मुलगी होमसायन्सला न्यूट्रिशन करतेय. ती लेख वाचून वैतागली आणि मग आम्ही दोघी रात्री भांडी आवरून झाल्यावर बसलो, ती वाचून सांगत होती मी विचारत होते. तर ह्यावर खरोखरचे प्रयोग झालेत आणि ते तुमच्या चौकटीपेक्षा जास्त इंटरेस्टिंग आहेत.

स्पेनमधे ४२० जणांना वजन कमी करायच्या कार्यक्रमात २० आठवडे बघितलं, ते २०१३ साली छापून आलं. त्यांच्याकडे दुपारचं जेवण मोठं असतं. जे ते तीनच्या नंतर जेवत होते त्यांचं वजन लवकर जेवणाऱ्यांपेक्षा दोनेक किलो कमी उतरलं, खाणं साधारण तेवढंच असूनही. म्हणजे वेळेचं काहीच नाही असं मी म्हणत नाहीये. पुढे २०२२ मधे बॉस्टनच्या हॉस्पिटलात १६ लोकांना लॅबमधे ठेवून तेच जेवण एकदा वेळेवर आणि एकदा सगळं चार तास उशिरा दिलं. उशिरा जेवल्यावर दिवसभर भूक जास्त लागली, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी पडलं, आणि शरीराने खर्च केलेल्या कॅलरी साधारण ६० ने कमी झाल्या. साठ. ६० कॅलरी म्हणजे दीड चमचा तेल, टीस्पूनने.

आणि त्याच वर्षी स्कॉटलंडमधे अॅबर्डीनला ३० जणांवर केलं, चार आठवडे बहुतेक कॅलरी सकाळी, चार आठवडे बहुतेक कॅलरी संध्याकाळी, एकूण मोजून तेवढ्याच. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं, तीन किलोच्या वर. फरक पडला तो भुकेत, सकाळी पोटभर खाणाऱ्यांना दिवसभर भूक कमी लागली. चीनमधे ग्वांगझूला १३९ लठ्ठ लोकांना वर्षभर कमी कॅलरी दिल्या, त्यातल्या निम्म्यांना सांगितलं की सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. वर्षाच्या शेवटी वेळ पाळणाऱ्यांचे ८ किलो गेले आणि न पाळणाऱ्यांचे ६.३, आणि त्या फरकात दम नाही असं करणाऱ्यांनी स्वतःच लिहिलंय, म्हणजे योगायोगानेही तेवढा फरक येऊ शकतो.

हे सगळं ऐकून मला जे कळलं ते असं, की ताटात किती वाढायचं ते दुसऱ्याने मोजून दिलं तर कधी जेवलात ह्याने वजनात फारसा फरक पडत नाही, पण घरी कोण मोजून देतंय? घरी उशीर झाला की भूक खवळलेली असते आणि मग हात आवरत नाही. घड्याळ चरबी करत नाही, उशिराची भूक जास्त खायला लावते. हे एक वाक्य चौकटीत छापलं असतं तरी चाललं असतं.

आता ती खवळलेली भूक कशी दिसते ते मी रोज बघते. पाऊण वाजता पोरगा येतो, डबा उघडायच्या आधी शेवेचं पाकीट फोडतो. उभ्यानेच, मोबाईल बघत. शेव-फरसाण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात, दोन मुठी गेल्या की तीनेकशे झाल्या, आणि त्याचा हिशोब कुठेच नाही कारण ते "जेवण" नाही. मग डबा पूर्ण. मग झोप येईना म्हणून चहा आणि बिस्किटं. हाच पोरगा मला सांगतो काकू रात्रीच्या भाताने पोट सुटलं. अरे भाताची एक वाटी म्हणजे दीडशे-पावणेदोनशे कॅलरी, अख्खा कोकण रात्री भात खातो, आजपर्यंत सगळा कोकण फुगून समुद्रात वाहून गेला असता.

शनिवारचं तर बोलायलाच नको. एकजण आहे, आठवडाभर रात्री भात नाही पोळी नाही नुसती भाजी, आणि शनिवारी क्वार्टर. १८० मिली व्हिस्कीत नुसत्या दारूच्या सव्वाचारशे कॅलरी असतात, वर चकणा, तळलेले शेंगदाणे, चिकन लॉलीपॉप, आणि नंतर बिर्याणी. त्याला मी हे हिशोब सांगितले तर म्हणतो दारूला कॅलरी नसतात काकू ती पातळ असते. ह्याच्यावर तुम्ही कधीतरी लेख छापा, खप वाढेल.

आणि एक गोष्ट तुमच्या लेखात अजिबात नाही ती म्हणजे घरातली बाई. ती रात्री किती वाजता जेवते माहितीये? सगळ्यांचं झाल्यावर. सकाळी चहावर निघते, डबे भरते, दुपारी एक पोळी उभ्याउभ्या, कधी तीही नाही, मग रात्री साडेदहाला पातेल्यात उरलेला भात, आमटी, पोरांनी टाकलेली अर्धी पोळी, "टाकायचं कसं" म्हणून सगळं पोटात. दिवसभर उपाशी आणि रात्री सगळं एकदम, आणि हे तिने जीभेचे चोचले म्हणून केलेलं नसतं. तिला सातच्या आत जेवा सांगून काही होणार नाही, घरातल्यांनी एकत्र जेवायला बसा सांगा, आणि दुपारी तिने नीट ताट वाढून घ्यावं हे सांगा. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, सरकारच्याच पाहणीत आलंय, आणि आपण त्यांना ८०० कॅलरी सांगतोय.

आता त्या १० दिवसात ५ किलोचा हिशोब करू. मी मेसवाली आहे, हिशोब हा माझा प्रांत. एक किलो अंगावरची चरबी जाळायला साधारण ७,७०० कॅलरीची तूट लागते. पाच किलोला झाल्या ३८,५००. दहा दिवसात म्हणजे रोज ३,८५० ची तूट. साध्या माणसाचा दिवसभराचा खर्चच २,००० ते २,५०० असतो, म्हणजे पाण्याशिवाय काहीही घेतलं नाही तरी ५ किलो चरबी १० दिवसात जाऊ शकत नाही. आणि ८०० खाल्ल्या तर २,००० वाल्याची तूट रोज १,२००, दहा दिवसात १२,०००, म्हणजे चरबी दीड किलो. मग काट्यावर बाकीचे साडेतीन किलो गेले कुठे? पाणी. शरीरात थोडी साखर साठवलेली असते, यकृतात आणि स्नायूत, ती आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवते, खाणं तोडलं की पहिले दोन-चार दिवस ती साखर आणि पाणी निघून जातं, काटा खाली येतो, माणूस खूश होऊन सगळ्यांना सांगत सुटतो. पुन्हा दोन दिवस नीट जेवला की पाणी परत. आणि थोडे स्नायूही जातात, ते मात्र एवढ्या पटकन परत येत नाहीत.

स्नायूंचं जरा सविस्तर लिहिते कारण इथे आपल्या पुण्याचाच संबंध आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचा फोटो २००४ मधे लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या साप्ताहिकात छापून आला होता, शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. म्हणजे उंचीच्या मानाने वजन सारखं, कोणीही जाडा नाही. पण अंगातली चरबी मोजली तर गोऱ्या डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. दुपटीपेक्षा जास्त! पुण्याजवळच्या खेड्यांमधे जन्मलेली बाळंसुद्धा अशीच निघाली, वजनाला इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी २.७ किलो, पण चरबी त्या मानाने जास्त आणि स्नायू कमी. म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे बीएमआय गेला की वजन जास्त धरतात, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर, बाईची ८० च्या आत हवी म्हणतात. आता असं बघा, आपण मुळातच स्नायूंनी गरीब. त्यात उपाशी राहून जे आहेत तेही घालवायचे. काटा म्हणेल पाच किलो गेले आणि अंगातली चरबी टक्क्यात पाहिली तर तिथेच. सगळे वजन वजन करतात, चरबीचं कोणी विचारत नाही, शिवणकामाची टेप घेऊन महिन्याने कंबर मोजली तर त्यातून जास्त कळतं.

झोपेवरही एक प्रयोग आहे, २०१० चा, लहानसाच, दहाच माणसं. दोन आठवडे कमी कॅलरीवर ठेवून एकदा साडेआठ तास झोपायला दिले आणि एकदा साडेपाच तास. वजन दोन्हीवेळी तीनेक किलो गेलं. पण नीट झोपल्यावर त्यातली चरबी होती १.४ किलो, आणि कमी झोपेत फक्त ०.६, बाकी सगळं स्नायू वगैरे. माझ्या शिफ्टच्या पोरांना मी हेच सांगते, एक वाजता जेवलास त्याचं मी बघून घेते, तू त्यानंतर अडीचपर्यंत रील्स बघत बसतोस त्याचं काय?

आणि ह्या पोरांमधे जिमवाले पण आहेत, त्यांचं उलटंच. ते मला रात्री अकराला उकडलेली अंडी, पनीर, दही मागतात. त्यांना लेख वाचून वाटलं आता हे पण चरबी होणार. तर तसं नाही. हॉलंडमधे मास्त्रिख्तला २०१२ मधे १६ तरण्या पोरांना संध्याकाळी व्यायाम करायला लावून झोपायच्या आधी दुधातलं केसीन प्रोटीन दिलं, ४० ग्रॅम, तर ते रात्रभर व्यवस्थित पचलं आणि स्नायू बांधायला वापरलं गेलं. कोल्हापूरच्या तालमीतले पैलवान रात्री दूध पिऊन झोपतात ते काय वेडे आहेत का. अर्थात पैलवान पहाटे उठून जोर-बैठका मारतो, लाल मातीत घाम गाळतो, तुम्ही त्याचं दूध प्यायचं आणि बैठका त्याच्यावर सोडायच्या असं नको. दूधसुद्धा फुल क्रीम आणि दोन चमचे साखर असेल तर पेलाभर दोनशेच्या पुढे जातं.

हां, एक कारण खरंच आहे रात्री झोपायच्या आधी टम्म जेवू नये ह्याला, ते म्हणजे अॅसिडिटी. पोट भरलेलं आणि माणूस लगेच आडवा, मग आंबट पाणी वर येतं, छातीत जळजळ. ज्यांना तो त्रास आहे त्यांनी जेवण आणि झोपणं ह्यात दोन-तीन तास ठेवावेत. शुगरवाल्यांनाही रात्री उशिरा एकदम भरपूर भात-गोड खाल्लं तर सकाळची फास्टिंग जास्त येते. आणि जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर कमी चढते हे आता मशीन लावून मोजलंय लोकांनी, आपल्याकडे त्याला शतपावली म्हणत आलोय. सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन परत आलात तरी पुरे, ट्रॅकसूट लागत नाही.

आता धोक्याचं जे म्हटलं ते. आमच्याकडे एका गृहस्थांचा डबा आहे, साठी ओलांडलेली, सिक्युरिटीत आहेत, बायको गावाला. शुगरची गोळी सकाळ-रात्र चालू. त्यांनी तुमचा लेख वाचून रात्रीचा डबा बंद केला आणि गोळी मात्र इमानदारीत घेत राहिले. पहाटे घामाने शर्ट भिजला, हात थरथरायला लागले, बोलताना जीभ अडखळायला लागली. नशीब खोलीतला दुसरा पोरगा जागा होता, त्याने पटकन साखरपाणी पाजलं आणि मग दवाखान्यात नेलं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलं की पोटात अन्न असो नसो ते साखर खाली ओढतंच, झोपेत तसं झालं तर कोणाला कळणार? नुसती मेटफॉर्मिन असेल तर एवढी भीती नसते, पण कोणाला आपल्या गोळीचं नाव पाठ असतं? लोक "पांढरी छोटी गोळी" म्हणतात. देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे, आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीतला आकडा आहे हा, म्हणजे तुमचा लेख ज्या घरात गेला त्यातल्या कितीतरी घरात ही गोळी फ्रीजवर ठेवलेली असणार. आणि अख्ख्या पानात एक ओळ नाही की शुगर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवण बंद करू नका. बाळंतीण, पोटुशी, वाढत्या वयातल्या मुली, त्यांच्यासाठीही ओळ नाही.

उपाशी ठेवल्यावर माणसाचं डोकं कसं चालतं हेही बघून ठेवलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी, १९४४-४५ मधे, अमेरिकेत मिनेसोटाला अॅन्सेल कीज ह्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट जवान पोरांना २४ आठवडे साधारण १,५७० कॅलरीवर ठेवलं होतं, वर चालायला लावायचे. वजन पाव भागाने उतरलं, पण ती पोरं चिडचिडी झाली, दिवसरात्र खाण्याचाच विचार, स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसायची, ताटं चाटायची. आणि प्रयोग संपून हवं तेवढं खायला मिळाल्यावर चरबी आधीपेक्षा जास्त चढली, स्नायू मागून सावकाश आले. ते १,५७० होते, तुम्ही ८०० छापलेत.

मग काय करावं, तर मी माझ्या मेसमधलं सांगते, तज्ञ म्हणून नाही. कमी करायचं तर तेलापासून सुरू करा कारण तेल दिसत नाही. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी, कणकेतल्या स्टार्चमधे किंवा डाळीतल्या प्रोटीनमधे ४. आमच्याकडची छोटी पळी ४० मिलीची आहे, म्हणजे एक पळी तेल म्हणजे ३३० कॅलरी, तीन फुलक्यांपेक्षा जास्त. भाजीवर तर्री मागणारा माणूस मला म्हणतो पोळी एकच द्या डाएट आहे! घरी हिशोब करायला सोपं आहे, महिन्याला किती तेल आणता बघा. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर माणशी रोज चाळीस मिलीच्या वर गेलं, साडेतीनशे कॅलरीच्या आसपास, आणि ते बाहेरचा वडापाव, सामोसा सोडून. हैदराबादची पोषण संस्था माणशी ३० ग्रॅमच्या आत सांगते. पंतप्रधानांनी पण २०२५ मधे तेल दहा टक्के कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी टीव्ही बघून मान डोलावली आणि पुढे भजी.

भाकरीचंही सांगून टाकते, तिच्याबद्दल फार गैरसमज. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळजवळ सारख्याच, १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास. फुलक्याला पीठ लागतं ३० ग्रॅम, चांगल्या दणदणीत भाकरीला साठ-सत्तर. म्हणजे एक भाकरी बरोबर दोन फुलके. भाकरी चांगलीच, तेल लागत नाही, पोटाला टिकते, पण "भाकरी आहे म्हणून चार खाल्ल्या" असं करून बारीक कोणी होत नाही. तीच गोष्ट उपासाची. चतुर्थी, गुरुवार, सोमवार धरतात वजनासाठी आणि खातात साबुदाण्याची खिचडी तुपात, वर शेंगदाण्याचं कूट, बटाट्याचे वेफर्स, रताळ्याचे काप, एकादशी आणि दुप्पट खाशी उगाच नाही म्हणत. शेंगदाण्याला १०० ग्रॅमला ५६७ कॅलरी असतात, कुटाचा मोठा चमचा भाजीत पडला की कळतसुद्धा नाही.

वाढवायचं ते डाळ, उसळ, अंडी, दही. ताटात पातळ वरण असतं त्यात डाळ शोधावी लागते, ते घट्ट करा, वाटीभर उसळ रोज. सेकंड शिफ्टच्या पोरांना मी आता सांगितलंय की जड जेवण दुपारी दोनला, निघायच्या आधी, पोटभर, पोळी भाजी उसळ भात सगळं. कँटीनमधे आठला जे मिळेल ते थोडं. आणि रात्री घरी आल्यावर दोन फुलके, उसळ किंवा अंडाभुर्जी, ताक. शेवेचं पाकीट खोलीत आणायचंच नाही, समोर नसलं की मध्यरात्री दुकान पण उघडं नसतं. दिवसाला चार-पाचशे कॅलरी कमी केल्या तर आठवड्याला साधारण अर्धा किलोच्या आत-बाहेर उतरतं, तेही पुढे पुढे हळू होतं कारण लहान झालेल्या शरीराला कमी लागतं, तिथे घाबरून अजून उपास धरायचे नाहीत. ज्यांना दीक्षित डाएटचं दोनदा जेवण जमतं त्यांनी तसं करा, ज्यांना थोडं थोडं चारदा खायचंय त्यांनी तसं, शेवटी दिवसाची बेरीज बसली पाहिजे. ह्या दोन पार्ट्यांची भांडणं व्हॉट्सअॅपवर इतकी झालीत की मला आता दोन्हीकडचे मेसेज वाचायचा कंटाळा येतो.

संपादक साहेब, तुमचा पेपर आमच्याकडे गिऱ्हाईकांसाठी रोज येतो आणि लोक तो डॉक्टरपेक्षा जास्त मानतात, कारण डॉक्टरकडे जायला पाचशे रुपये आणि अर्धी रजा लागते. म्हणून एकच मागणं आहे. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं जेवण बंद करू नका, एवढं पुढच्या रविवारी छापा, त्याच पानावर, तशाच रंगीत चौकटीत, तेवढ्याच मोठ्या टायपात. आतल्या पानावर कोपऱ्यात खुलासा म्हणून नको, तो कोणी कापून भिंतीवर लावत नाही.

आपली,
एक मेसवाली वाचक, भोसरी